हाफकिन आणि जमिनीवर पडलेला चिमटा

हाफकिन हे नाव आपल्याकडे कुणाला नवीन नाही. फुरसे चावले की जे इंजेक्शन शोधत धावाधाव होते, त्याच्याशी परळच्या हाफकिनचे नाव जोडलेले आहे. लहानपणी घेतलेल्या पोलिओच्या डोसाशीही आहे. पण हाफकिन हा एक हाडामासाचा माणूस होता, आणि ज्या मुंबईसाठी तो राबला त्याच मुंबईतून त्याला मान खाली घालून जावे लागले, ही गोष्ट होस्टेलवर विचारली तर फारशी कुणाला ठाऊक नसते. म्हणून यंदाच्या अंकासाठी मी हाच माणूस निवडला.

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी ओडेसा येथे एका ज्यू कुटुंबात झाला. हे शहर तेव्हा रशियन साम्राज्यात होते, आता ते युक्रेनमध्ये आहे. विद्यापीठात त्यांना मेच्निकॉफसारखा शिक्षक लाभला. मुलगा हुशार होता, पण ज्यू. धर्म बदलल्याशिवाय प्राध्यापकी मिळणार नाही असा सरळ हिशेब होता. त्यांनी धर्म बदलला नाही आणि १८८८ मध्ये देश सोडला. पुढच्या वर्षी ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत गेले, पण संशोधक म्हणून नव्हे, तर ग्रंथालयातले सहायक म्हणून! पुस्तके लावता लावता उरलेल्या वेळात त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली आणि जुलै १८९२ मध्ये पहिली सुई स्वतःलाच टोचून घेतली. १८९३ मध्ये ते कलकत्त्याला आले आणि गावोगाव फिरून हजारो लोकांना त्यांनी लस टोचली.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात प्लेग निघाला. डॉ. अकासियो व्हिएगस यांनी तो ओळखला. माणसे पटापट मरू लागली आणि लाखो लोकांनी मुंबई सोडली. गिरण्यांतले आपले कोकणी चाकरमानी मिळेल त्या बोटीने गावाकडे परतले. पुढे साथ पुण्यात पोचली. तिथे रोग्यांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी प्लेगनेच गेल्या. रोग्याला हात लावणाऱ्याच्या जिवाला तेव्हा फारसे संरक्षण नव्हते, हे इथे लक्षात ठेवायला हवे.

ऑक्टोबरमध्ये हाफकिन मुंबईत आले. ग्रँट मेडिकल कॉलेजातली एक खोली, एक कारकून आणि तीन शिपाई, एवढाच लवाजमा. आपल्या प्रोजेक्टला लॅब मिळत नाही म्हणून कुरकुरणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे जरूर वाचावे. त्यांची युक्तीही अस्सल देशी होती. मांसरसाच्या चंबूत ते वरून थोडे तूप सोडत. तुपाच्या थेंबांना धरून जंतू खाली लोंबत वाढत. चंबू हलवला की ते तळाशी पडत आणि वर नवे पीक येई. मग तापवून जंतू मारायचे आणि त्यात थोडे कार्बोलिक अॅसिड घालायचे. तीन महिन्यांत लस तयार झाली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती आधी स्वतःला टोचली. ताप आला, अंग दुखले, पण माणूस शाबूत राहिला.

मला सगळ्यात आवडतो तो पुढचा भाग. नुसते मी जगलो म्हणून लस चांगली, असे ते म्हणत बसले नाहीत. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तिथल्या कैद्यांपैकी जवळजवळ निम्मे स्वखुशीने लस घ्यायला तयार झाले. जागा एक, जेवण एक, फरक फक्त लसीचा. नंतरच्या दिवसांत लस न घेतलेल्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला आणि ६ दगावले. लस घेतलेल्यांपैकी दोघांना झाला, मृत्यू एकही नाही. आपल्या भाषेत सांगायचे तर कंट्रोल सॅम्पल ठेवून टेस्टिंग केले. लोकांचा विश्वास बसायला असे आकडे लागतात. आगाखानांनी तर स्वतः लस घेतली आणि प्रयोगशाळेसाठी जागाही दिली. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. ती आजही तिथेच आहे.

आणि मग घात झाला. पंजाबातून लसीची प्रचंड मागणी होती. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी मुलकोवाल या गावात १०७ जणांना लस दिली गेली. त्यातले १९ जण एकाच बाटलीतले होते, बाटली क्रमांक ५३-एन. आठवड्याभरात या १९ जणांना धनुर्वात झाला आणि सगळेच्या सगळे मेले. बाकीच्यांना काहीच झाले नाही.

चौकशी बसली. उत्पादन वाढवण्यासाठी हाफकिन यांनी पद्धत बदलली होती. कार्बोलिक अॅसिड गाळून ते केवळ उष्णतेवर भर देत होते. चौकशीवाल्यांना तेवढे पुरले. बाटली परळलाच बिघडली असा ठपका ठेवला गेला आणि हाफकिन पदावरून गेले.

पण पुरावा काय सांगत होता? बाटली भरून बरेच दिवस झाले होते. धनुर्वाताचे जंतू इतके दिवस आत वाढत असते, तर बूच काढताच दुर्गंध सुटला असता. बाटली उघडताना वास घेणाऱ्या डॉक्टरला तसा काही वास आला नव्हता. आणि बूच काढायचा चिमटा त्या दिवशी मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता. त्याने तो कार्बोलिकच्या पाण्यात नुसता बुचकळला आणि त्यानेच बाटली उघडली. धनुर्वाताचे बीजाणू मातीतच असतात आणि अशा बुचकळण्याला ते दाद देत नाहीत. त्यांना मारायला ऑटोक्लेव्हची दाबाखालची १२१ अंशांची वाफ लागते. सगळा तपशील उजेडात यायला मात्र वर्षे गेली. जुलै १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस यांच्यासह दहा शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्समध्ये पत्र लिहून अन्याय झाल्याचे सांगितले. हाफकिन निर्दोष ठरले.

माझी आत्या आरे-वारेच्या पट्ट्यात आरोग्यसेविका आहे. आपण रविवारी बाइक काढून ज्या वळणावर फोटो काढायला थांबतो, एका बाजूला आरे आणि दुसऱ्या बाजूला वारे, त्याच रस्त्याने ती खांद्याला व्हॅक्सीन कॅरिअर लावून स्कूटीने जाते. एकदा तिच्यासोबत लसीकरणाला मी दिवसभर होतो, आणि मला प्रत्येक पायरीत मुलकोवालचे उत्तर दिसले. बाटलीवरचा बॅच नंबर आणि मुदत आधी रजिस्टरात. बाटलीवर वर्तुळात एक पांढरा चौकोन असतो, उष्णता लागेल तसा तो काळवंडतो. वर्तुळाइतका गडद झाला की बाटली बाद. सिरिंज एकदा वापरली की दट्ट्या अडकतो, पुन्हा भरताच येत नाही. गोवरची बाटली उघडली की वेळ लिहायची आणि चार तासांनी फेकायची, कारण तिच्यात जंतू रोखणारे काही घातलेले नसते. टोचल्यावर बाळाला अर्धा तास बसवून ठेवायचे. एका सिरिंजची सुई टेबलाला नुसती लागली, तर आत्याने एक शब्द न बोलता ती डब्यात टाकली आणि नवी फोडली. मी म्हटलं, वाया गेली की गं. ती म्हणाली, सिरिंज गेली, पोर नाही गेलं.

यात तिचा स्वभाव शिस्तीचा आहे हे खरेच. पण गंमत अशी की चौकोन, दट्ट्या, ऑटोक्लेव्ह ही सगळी आपल्यासारख्या इंजिनीअरांची कामे आहेत. थकलेल्या, घाईत असलेल्या माणसाच्या हातूनही चूक होऊ नये अशी वस्तू बनवायची. मुलकोवालच्या त्या मदतनिसाला आज दोष देणे सोपे आहे. पण त्याच्याजवळ दुसरा निर्जंतुक चिमटा तयार ठेवलेला असता तर? १९ जीव वाचले असते आणि एका शास्त्रज्ञाची पाच वर्षेही.

हाफकिन भारतात परतले, पण मुंबईची जागा भरली होती. ते कलकत्त्याला राहिले, आणि तिथे त्यांना पूर्वीसारखे प्रयोग करू दिले गेले नाहीत. निवृत्त होऊन ते युरोपला गेले. लग्न त्यांनी केलेच नाही. १८९७ ते १९२५ या काळात मुंबईतून प्लेगच्या लसीचे सुमारे २ कोटी ६० लाख डोस बाहेर पडले. १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव दिले गेले. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधल्या लोझान येथे त्यांचे निधन झाले.

मित्रांनो, उद्या आपल्यापैकी कुणी इन्फ्युजन पंप बनवेल, कुणी हॉस्पिटलचे सॉफ्टवेअर लिहील. काही बिघडले की कुणाचे नाव घ्यायचे हे शोधण्याआधी बाटली, बूच, चिमटा असे एकेक करत मागे जायची सवय आत्तापासूनच लावून घेऊ या. नर्सबाईच्या हातात जे आपण देणार आहोत, त्यावर कुणाचा तरी जीव आहे.