माळावरचे गाव

पुणे-मिरज लोहमार्गावर कुंडल रोड नावाचे एक लहानसे स्थानक होते. सभोवती औंध संस्थानाचा उजाड माळ पसरलेला. निवडुंगाची दाट बेटे आणि त्यांत नागसापांची वस्ती. गुराखीही तेथे जपून पाऊल टाकीत. १९१० साली या माळावर काही कुटुंबे आपल्या सामानसुमानासह येऊन दाखल झाली. त्यांचे म्होरके होते लक्ष्मणराव काशीनाथ किर्लोस्कर.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. शाळेतील पाठांतरापेक्षा त्यांचे मन चित्रांत आणि यंत्रांत अधिक रमे. चित्रकला शिकण्यासाठी ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले, परंतु काही रंगांमधील भेद आपल्या डोळ्यांना कळत नाही, असे त्यांना तेथे आढळून आले. चित्रकार होऊ पाहणाऱ्या तरुणास याहून मोठा आघात कोणता? तथापि, यंत्रांच्या आकृत्या काढण्यास रंगांची गरज नसते. ते त्या विद्येत पारंगत झाले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशिक्षण संस्थेत तीच विद्या शिकवू लागले. पुढे बढतीची वेळ आली, तेव्हा ती जागा दुसऱ्यास मिळाली. हा अन्याय सहन न होऊन त्यांनी नोकरी सोडली आणि ते बेळगावी आले.

तेथे त्यांचे व त्यांच्या बंधूंचे सायकलींचे दुकान होते. त्याच्याच जोडीला त्यांनी कडबा कापण्याची यंत्रे करण्यास आरंभ केला आणि मग लोखंडी नांगर घडविला. लाकडी नांगर जमीन वरवर उकरतो. काळ्या रानातील हरळीची मुळे खोल असतात, तेथवर त्याचा फाळ पोहोचत नाही. हे शेतकऱ्यांना ठाऊक नव्हते असे नाही. पण लोखंडाने जमीन विषारी होते, अशी त्यांची दृढ समजूत होती. पहिले नांगर विकले जाण्यास सुमारे दोन वर्षे लागली. मला वाटते, लक्ष्मणरावांना खरा धडा या दोन वर्षांनीच दिला असावा. यंत्र कितीही चांगले असो, ज्यांच्यासाठी ते करावयाचे त्यांचा विश्वास बसेपर्यंत ते कोठारातच पडून राहते.

इतक्यात नवे संकट आले. नगरपालिकेला गावाच्या वाढीसाठी कारखान्याची जागा हवी झाली. चालता कारखाना हलवावयाचा कोठे? औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचा लक्ष्मणरावांशी पूर्वपरिचय होता. त्यांनी कुंडल रोडजवळची जागा देऊ केली आणि दहा हजार रुपयांचे कर्जही दिले. जागा होती बत्तीस एकर. पण कशी, ते वर सांगितलेच आहे.

पंचवीस कामगार आणि त्यांची बायकामुले यांनी निवडुंग तोडला, खाचखळगे बुजविले. केवळ छपरे घालून भट्टी पेटविली असती, तरी नांगर झाले असते. परंतु लक्ष्मणरावांना तेवढ्याने समाधान नव्हते. जी माणसे आपल्या शब्दावर घरदार सोडून माळावर आली, त्यांचे जीवन सुखाचे करणे हेही आपलेच काम आहे, असे ते मानीत. म्हणून कारखान्याबरोबर घरे उभी राहिली, रस्ते आखले गेले, झाडे लागली, मुलांसाठी शाळा निघाली. माळावर एक गाव वसले. त्याचे नाव किर्लोस्करवाडी.

या गावात अस्पृश्यता पाळावयाची नाही, असा त्यांचा निर्धार होता. ज्या काळी पाणवठ्यावरून गावोगाव तंटे होत, त्या काळी हे सोपे नव्हते.

रात्रीच्या पहाऱ्याची गोष्ट तर विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे. आडरानातील वस्ती, त्यात लोखंडाचा आणि यंत्रांचा मोलाचा माल! पहारेकरी कोण नेमावेत? तुरुंगाची शिक्षा भोगून आलेल्या माणसांना सहसा कोणी दारातही उभे करीत नाही. लक्ष्मणरावांनी अशांनाच बोलावले आणि साऱ्या गावाच्या रक्षणाचे काम त्यांच्यावर सोपविले. यात धोका होता. विश्वास चुकला असता, तर कष्टाने उभारलेला संसार एका रात्रीत लुटला गेला असता; आणि तो एकट्या लक्ष्मणरावांचा संसार नव्हता. बायकामुलांसह निजणाऱ्या प्रत्येक घराचा तो प्रश्न होता. तरीही ती माणसे आपल्या कामास जागली आणि किर्लोस्करवाडी निर्धास्त झोपू लागली.

नांगरांचा खप वाढला. त्यांच्यामागून उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे, पंप अशी शेतकऱ्याच्या उपयोगाची अवजारे तेथे तयार होऊ लागली. १९२० साली लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी तेथेच ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्र सुरू केले. कारखान्याचे म्हणून निघालेले हे पत्र पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक या नावाने मराठी घराघरांत वाचले गेले. १९३० साली त्याच गावातून ‘स्त्री’ मासिक निघाले. नांगराच्या गावी मासिके छापली जावीत, याचे पुष्कळांना नवल वाटे.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. आज ते गाव सांगली जिल्ह्यात आहे. आगगाडी तेथे थांबते, तेव्हा फलाटावरील पाटीवर कुंडल रोड हे नाव दिसत नाही; तेथे किर्लोस्करवाडी असे लिहिलेले असते.