विश्लेषण : गरीब मुले मोजून शाळांना निधी, लिंडन जॉन्सन यांनी हे सूत्र का आणले?

अमेरिकेत शाळांना केंद्राकडून मिळणारा मोठा निधी त्या भागात गरीब मुले किती, यावर ठरतो. ‘टायटल वन’ ही योजना १९६५ मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी आणली. त्यामागे त्यांचा स्वतःचा अनुभव होता.

शिक्षक ते राष्ट्राध्यक्ष
जॉन्सन यांचा जन्म २७ ऑगस्ट १९०८ रोजी टेक्सासमध्ये झाला. वडील शेतीत कर्जबाजारी झाले. कॉलेजसाठी पैसे कमी पडल्याने जॉन्सन यांनी १९२८ मध्ये कोटुला गावात शिक्षकाची नोकरी धरली. तिथे मेक्सिकन वंशाच्या गरीब कुटुंबांतील मुले शिकत. अनेक जण उपाशीपोटी वर्गात येत. पुढे ते खासदार झाले आणि १९६३ मध्ये केनेडी यांच्या हत्येनंतर राष्ट्राध्यक्ष.

अडचण काय होती?
शाळांना केंद्राची मदत देण्याचे आधीचे प्रयत्न चर्चच्या शाळांना पैसा द्यायचा का, या वादात अडकले होते. जॉन्सन यांनी मदत शाळेऐवजी गरीब मुलाशी जोडली. विधेयक तीन महिन्यांच्या आत मंजूर झाले. ११ एप्रिल १९६५ रोजी, लहानपणी ज्या शाळेत ते शिकले तिथेच, पहिल्या शिक्षिकेला शेजारी बसवून त्यांनी सही केली.

सूत्र कसे होते?
५ ते १७ वयोगटातील, वर्षाला २,००० डॉलरपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुले मोजायची. त्या संख्येला राज्याच्या प्रतिविद्यार्थी सरासरी खर्चाच्या निम्म्या रकमेने गुणायचे. सरकारी मदतीवरील काही मुलेही त्यात धरली जात.

त्रुटी कुठे राहिली?
शाळांवर जास्त खर्च करणाऱ्या श्रीमंत राज्याला एका गरीब मुलामागे जास्त पैसा मिळे. शिवाय आकडे १९६० च्या जनगणनेचे, म्हणजे उत्पन्न १९५९ चे. त्यानंतर गरीब झालेले कुटुंब जनगणनेच्या या आकड्यांत येत नसे.

आज काय स्थिती?
जॉन्सन यांचे निधन २२ जानेवारी १९७३ रोजी झाले. व्हिएतनाम युद्धामुळे त्यांच्यावर कठोर टीका झाली. ही योजना मात्र टिकली. आता जनगणना विभाग दरवर्षी प्रत्येक शालेय जिल्ह्याचा अंदाज काढतो. त्यासाठी कर विवरणपत्रे आणि सर्वेक्षणाचा आधार घेतला जातो. तरीही मूळ अट तीच आहे: जे मूल मोजले जात नाही, त्याच्या वाट्याचा पैसा त्याच्या शाळेपर्यंत पोहोचत नाही.