एक्सप्लेनर : पेशव्यालाच दोषी ठरवणारे रामशास्त्री प्रभुणे कोण होते?

इगतपुरी : इगतपुरीहून महामार्गाने नाशिकला गेलं, की गंगापूर रोडवर आनंदवल्ली लागते. राघोबादादा पेशव्यांनी पत्नी आनंदीबाईंच्या नावावरून या गावाला हे नाव दिलं. पुतणे माधवराव पेशवे यांच्याशी बिनसलं, की दादा इथे येऊन राहत. पेशवेपद न मिळाल्याची ही सल पुढे एका खुनापर्यंत पोहोचली आणि त्यात कसोटी लागली ती एका न्यायाधीशाची.

रामशास्त्री कुठले?

साताऱ्याजवळच्या माहुलीचे. लहानपणी शिक्षण झालं नव्हतं, एका सावकाराकडे ते चाकरीला होते, असं सांगितलं जातं. पुढे काशीला जाऊन त्यांनी धर्मशास्त्राचा अभ्यास केला आणि पेशव्यांच्या दरबारात न्यायाधीश झाले. माधवराव पूजाअर्चेत रमून कारभाराकडे दुर्लक्ष करू लागले, तेव्हा रामशास्त्रींनी त्यांनाही तोंडावर सुनावलं होतं.

१७७३ मध्ये काय घडलं?

माधवरावांच्या निधनानंतर धाकटे भाऊ नारायणराव पेशवे झाले. ३० ऑगस्ट १७७३ रोजी, ऐन गणेशोत्सवात, शनिवारवाड्यात गारद्यांनी त्यांचा खून केला. ते अवघे १८ वर्षांचे होते. त्यानंतर राघोबादादा पेशवे झाले. आनंदीबाईंनी ‘ध’चा ‘मा’ केला, ही गोष्ट घरोघरी सांगितली जाते. ती लोककथा म्हणूनच घ्यायला हवी.

रामशास्त्रींनी चौकशी केली आणि राघोबादादांना दोषी ठरवलं. शिक्षा होती देहान्त प्रायश्चित्त. म्हणजे ज्याच्या हाताखाली नोकरी, त्यालाच मृत्युदंड.

शिक्षा झाली का?

नाही. न्यायाधीश पेशव्यांनी नेमलेला आणि फौजही पेशव्यांच्याच हाताखाली. मग निकालाची अंमलबजावणी करणार कोण? रामशास्त्रींच्या हातात एकच गोष्ट होती, ती म्हणजे पद सोडणं. ते पुण्याबाहेर पडले. बारभाईंनी राघोबादादांना सत्तेवरून दूर केल्यानंतर ते पुन्हा न्यायासनावर आले. १७८९ मध्ये त्यांचं निधन झालं.

राघोबादादांचं पुढे काय झालं?

अटकेपर्यंत मोहीम नेणारा हा शूर सेनानी पेशवेपदासाठी इंग्रजांकडे गेला. १७७५ च्या सुरतेच्या तहात त्यांनी साष्टी आणि वसई देऊ केली. त्यातून पहिलं इंग्रज-मराठा युद्ध पेटलं. १७८३ मध्ये कोपरगावला त्यांचा मृत्यू झाला.

आज हे का आठवायचं?

कायदा करणं, राबवणं आणि न्याय देणं ही कामं एकाच हातात गेली तर माणसाचं स्वातंत्र्य उरत नाही, असं माँटेस्क्यू या फ्रेंच विचारवंताने १७४८ मध्येच मांडलं होतं. पुण्यात २५ वर्षांनी त्याचाच प्रत्यय आला. भारतीय संविधानाचा अनुच्छेद ५० न्यायपालिका आणि कार्यपालिका वेगळ्या ठेवायला सांगतो. प्रत्येक पिढीला रामशास्त्री मिळतीलच याची खात्री नसते. म्हणूनच न्यायाधीशाला निकाल दिल्यावर गाव सोडावं लागणार नाही, अशी व्यवस्था लागते.