एक्सप्लेनर : आधी लाच मागितली, मग युद्धही टाळलं! ‘एक्सवायझेड’ प्रकरणातला तालेरां नेमका कोण होता?

एका देशाचे तीन दूत समुद्र ओलांडून शांततेची बोलणी करायला येतात. ज्याला भेटायचं तो परराष्ट्रमंत्री त्यांना पाव तासात वाटेला लावतो. मग त्याची माणसं दूतांच्या मुक्कामी येऊन सांगतात, आधी पैसे, मग चर्चा.

ऑक्टोबर १७९७ मध्ये पॅरिसमध्ये हे घडलं. दूत अमेरिकेचे होते आणि मंत्री फ्रान्सचा, शार्ल मॉरिस द तालेरां. इतिहासात हे प्रकरण ‘एक्सवायझेड अफेअर’ म्हणून ओळखलं जातं. त्यामुळे दोन मित्रदेश युद्धाच्या तोंडाशी आले, पण तालेरांची कारकीर्द मात्र त्यानंतरही अनेक वर्षं चालली. हे कसं झालं?

बिशप ते परराष्ट्रमंत्री

तालेरांचा जन्म २ फेब्रुवारी १७५४ रोजी पॅरिसमधल्या एका सरदार घराण्यात झाला. पाय अधू असल्याने सैन्याची वाट बंद होती, म्हणून घरच्यांनी त्याला चर्चमध्ये धाडलं. धर्मात फारसा रस नसतानाही तो ओतँ शहराचा बिशप झाला.

१७८९ मध्ये फ्रेंच राज्यक्रांती झाली. त्याच वर्षी चर्चची मालमत्ता सरकारने ताब्यात घ्यावी, असा प्रस्ताव या बिशपनेच मांडला. पुढे क्रांती रक्तरंजित झाली, तेव्हा तो इंग्लंडला निघून गेला. १७९४ मध्ये तिथूनही हकालपट्टी झाली आणि त्याने अमेरिका गाठली. फिलाडेल्फियात राहून तो जमिनींचे व्यवहार करू लागला.

इथे जवळपास दोन वर्षं त्याने अमेरिकी समाज जवळून पाहिला. या लोकांना पैशाचा व्यवहार चांगला कळतो, असं त्याचं मत झालं. पुढे त्याचा अंदाज चुकला तो इथेच.

१७९६ मध्ये तो मायदेशी परतला आणि जुलै १७९७ मध्ये परराष्ट्रमंत्री झाला.

वाद कशावरून होता?

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात फ्रान्सने तिला मदत केली होती. पण १७९४ मध्ये अमेरिकेने फ्रान्सचा शत्रू असलेल्या ब्रिटनशी ‘जे करार’ केला. चिडलेल्या फ्रान्सने अमेरिकी व्यापारी जहाजं पकडायला सुरुवात केली. वर्षभरातच हा आकडा ३०० च्या वर गेला.

राष्ट्राध्यक्ष जॉन अ‍ॅडम्स यांनी तोडग्यासाठी चार्ल्स पिंकनी, जॉन मार्शल आणि एल्ब्रिज गेरी यांना पॅरिसला पाठवलं.

मागण्या काय होत्या?

तालेरांच्या मध्यस्थांनी तीन गोष्टी पुढे केल्या :

• तालेरांसाठी सुमारे ५० हजार पौंडांची लाच
• फ्रान्सला ३ कोटी २० लाख डच गिल्डरचं कर्ज
• अ‍ॅडम्स यांनी मे १७९७ च्या भाषणात फ्रान्सबद्दल काढलेल्या कडक उद्गारांबाबत खुलासा

त्या काळी युरोपातल्या दरबारांत मंत्र्यांना ‘नजराणा’ देणं नवीन नव्हतं. दूतांनाही हे माहीत होतं. पण चर्चा सुरू करण्यासाठीच पैसे मोजायचे, शिवाय ज्या देशाने आपली जहाजं धरली त्यालाच कर्ज द्यायचं, हे त्यांना मान्य नव्हतं. पिंकनी यांनी एक छदामही देणार नाही, असं ठणकावलं.

एक्स, वाय, झेड ही अक्षरं कुठून आली?

दूतांनी सगळा वृत्तांत मायदेशी कळवला. अ‍ॅडम्स यांनी बोलणी फसल्याचं संसदेला सांगितलं, पण तपशील दिला नाही. राष्ट्राध्यक्ष काहीतरी लपवत आहेत, असा फ्रान्सकडे झुकलेल्या विरोधकांना संशय आला. त्यांनी कागदपत्रांची मागणी केली आणि ३ एप्रिल १७९८ रोजी ती संसदेपुढे आली.

विरोधकांचा डाव त्यांच्यावरच उलटला. कागदपत्रांत मध्यस्थांच्या नावांऐवजी एक्स, वाय आणि झेड ही अक्षरं होती. ही माणसं होती ऑटिंगेर, बेलामी आणि ओतव्हाल.

अमेरिकेत संतापाची लाट उसळली. महिन्याभरात स्वतंत्र नौदल खातं स्थापन झालं. जुलैमध्ये फ्रान्सबरोबरचे करार रद्द झाले. दोन्ही देशांची जहाजं जवळपास दोन वर्षं, मुख्यतः कॅरिबियन समुद्रात, एकमेकांशी लढली. अधिकृत युद्ध मात्र कधीच जाहीर झालं नाही.

याची किंमत अमेरिकी नागरिकांनीही मोजली. त्याच लाटेत ‘सेडिशन अ‍ॅक्ट’ आला आणि सरकारवर टीका करणाऱ्या संपादकांना तुरुंगात जावं लागलं.

मग तालेरांने काय केलं?

आधी त्याने कानावर हात ठेवले. पॅरिसमध्ये थांबलेल्या गेरी यांच्याकडेच त्याने या मध्यस्थांची नावं मागितली, जणू ते कोण हे त्याला ठाऊकच नव्हतं!

पण अमेरिकेशी युद्ध म्हणजे तिला ब्रिटनच्या गोटात ढकलणं, हे त्याने ओळखलं. हेगमधल्या अमेरिकी दूतामार्फत त्याने निरोप धाडला, नवे प्रतिनिधी पाठवा, त्यांचा मान राखला जाईल. अ‍ॅडम्स यांनीही स्वपक्षाचा विरोध पत्करून तो मानला. ३० सप्टेंबर १८०० रोजी समझोता झाला. लाच दिली गेली नाही आणि कर्जही नाही.

तीनच वर्षांनी, १८०३ मध्ये, अख्खा लुइझियाना प्रांत घेता का, असं तालेरांनेच अमेरिकी दूताला विचारलं. नेपोलियनचा तो निर्णय होता. १.५ कोटी डॉलरच्या त्या सौद्याने अमेरिकेचं क्षेत्रफळ जवळपास दुप्पट झालं.

भारताशी काय संबंध?

तालेरांने १८०२ मध्ये जिच्याशी लग्न केलं, त्या कॅथरीन ग्रँडचा जन्म आजच्या तमिळनाडूतल्या तरंगंबाडीचा. तेव्हा ती डॅनिश वसाहत होती. तिचं पहिलं लग्नही भारतातच झालं होतं.

पुढे काय झालं?

नेपोलियनच्या पाडावानंतर व्हिएन्ना परिषदेत पराभूत फ्रान्सला बड्या राष्ट्रांच्या पंक्तीत बसवलं ते तालेरांनेच. १८३० ते १८३४ या काळात तो लंडनमध्ये राजदूत होता. १७ मे १८३८ रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी त्याचं निधन झालं. राजेशाही, क्रांती, नेपोलियन आणि पुन्हा राजेशाही, अशा सगळ्यांची चाकरी त्याने केली.

समोरच्याला काय हवंय हे ओळखणं ही त्याची ताकद होती. १७९७ मध्ये मात्र एका नवख्या देशाला पैशाइतकाच मानही हवा असतो, हे त्याच्या लक्षात आलं नाही. चूक कळताच त्याने ती निस्तरली, पण तोवर अमेरिकेने स्वतःचं नौदल उभं करायला घेतलं होतं.