दासगणूंचा राजीनामा

सद्गुरूने हात धरला की सोडत नाही, मग भक्त कितीही टाळाटाळ करो. दासगणू महाराज, म्हणजे अकोळनेरचे गणेश दत्तात्रेय सहस्रबुद्धे (जन्म १८६८), पोलिसात शिपाई होते. नानासाहेब चांदोरकरांबरोबर ते शिरडीला गेले. साईबाबा सांगत, नोकरी सोड. यांना तर फौजदार व्हायचं होतं! शब्द द्यायचा नि पुढे ढकलायचा. अखेर सरकारी पैशाचा आळ आला. तेव्हा गोदामाईचं पाणी हाती घेऊन निश्चय केला, यातून सुटलो की नोकरी सोडणार. सुटले, आणि या खेपेला राजीनामा दिलाच. पुढे कीर्तनाला अंगरखा, फेटा घालून निघाले, तर बाबांनी तोही पोशाख उतरवायला लावला. उरल्या चिपळ्या नि गळ्यातली माळ. फौजदारकी राहिली, पण ‘श्रीगजानन विजय’ घरोघरी पोचला. १९६२ साली पंढरपुरी देह ठेवला.

।। श्रीगुरुदेव दत्त ।।