खुर्ची गेली म्हणजे गुन्हा धुतला जात नाही

एनआरसी कारखान्याभोवती वाढलेल्या मोहन्यातील कामगाराला एक गोष्ट कुणी शिकवावी लागत नाही. कामावर चोरी सापडली तर चौकशी होऊन नोकरी जाते आणि पोलीस ठाण्यात गुन्हाही नोंदला जातो. मग महाभियोगाने पदावरून काढलेल्या बड्या माणसावर फौजदारी खटला चालेल का, हा प्रश्न पडतोच कसा? पडतो, कारण या देशात शतकानुशतके बड्यांचा कायदाच वेगळा होता.

महामानव डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे आयुष्य म्हणजे त्या वेगळ्या कायद्याशी दिलेली झुंज. १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेले भीमराव १९१३ साली अमेरिकेत शिकायला गेले. त्या देशाच्या संविधानात महाभियोगाने पद गेले तरी गुन्ह्याचा खटला चालू शकतो, असे स्पष्ट लिहिले आहे. १९२२ साली ते बॅरिस्टर झाले. १९२६ साली ‘देशाचे दुश्मन’ खटल्यात जेधे-जवळकरांना त्यांनी अपिलात सोडवले. आरोपीचा पिंजरा कुणाच्या वाट्याला येतो, हे त्यांनी जवळून पाहिले होते.

२५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळली गेली. ज्या गुन्ह्याला इतरांना देहदंड, त्याच गुन्ह्याला ब्राह्मणाला मुंडन किंवा धनासह हद्दपारी, असा त्या ग्रंथाचा न्याय!

१९४७ साली मसुदा समितीचे अध्यक्ष झालेल्या बाबासाहेबांच्या हातून घडलेल्या संविधानाने हा न्याय गाडला. कलम ६१ नुसार राष्ट्रपतींवरील महाभियोगाला दोन्ही सभागृहांत एकूण सदस्यांच्या दोन तृतीयांश मतांची गरज असते. त्याने फक्त पद जाते, तुरुंगवास होत नाही. म्हणून एकाच गुन्ह्यासाठी दोनदा शिक्षा नको, हे कलम २० येथे आड येत नाही. कलम ३६१ राष्ट्रपती व राज्यपालांना फौजदारी कारवाईपासून संरक्षण देते, पण पदावर असेपर्यंतच. राज्यपालपद संपताच २०१९ साली कल्याणसिंग यांना बाबरी खटल्यात न्यायालयात उभे राहावे लागले. २०२० साली ते निर्दोष सुटले. उच्च व सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांनाही भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा लागू आहे, असा निकाल १९९१ साली वीरास्वामी प्रकरणात लागला.

कायदा आहे, कच खातात ते राज्यकर्ते. न्या. रामस्वामींविरुद्धचा ठराव १९९३ साली लोकसभेत पडला, कारण काँग्रेसचे खासदार मतदानापासून दूर राहिले.

बाबासाहेबांनी १९५१ साली हिंदू कोड बिलासाठी मंत्रिपद स्वतःहून सोडले. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. त्यांच्या अनुयायांनी एखाद्या बड्याच्या राजीनाम्यावर समाधान मानू नये. पुढचा प्रश्न विचारावा : खटला कधी?