वाटाण्याच्या वेलांचा अभ्यासक : ग्रेगोर मेंडेल

संशोधकानें किती निबंध प्रसिद्ध केले आणि इतरांनीं आपल्या लेखनांत त्यांचा उल्लेख कितीदां केला, यावरून त्याची योग्यता मोजण्याची रीत हल्लीं पडली आहे. या मापानें पाहिलें असतां ग्रेगोर मेंडेल हे आपल्या हयातींत अगदीं सामान्य ठरले असते. तथापि आनुवंशिकतेच्या शास्त्राचा पाया ज्यांनीं घातला, ते हेच सत्पुरुष होत.

मेंडेल यांचा जन्म १८२२ सालीं तत्कालीन ऑस्ट्रियन साम्राज्यांतील एका खेड्यांत शेतकऱ्याच्या घरीं झाला. घरची गरिबी इतकी कीं, धाकट्या बहिणीनें आपल्या लग्नासाठीं राखलेल्या पैशांतून कांहीं भाग दिला, तेव्हां त्यांचें शिक्षण पुढें चाललें. हें ऋण ते विसरले नाहींत. पुढें तिच्या मुलांच्या शिक्षणास त्यांनीं हातभार लाविला. १८४३ सालीं ते ब्रून, म्हणजे आजचें ब्रनो, या शहरांतील ऑगस्टिनियन मठांत दाखल झाले. १८५० सालीं ते शिक्षकाच्या परीक्षेंत अनुत्तीर्ण झाले. नंतर व्हिएन्नाच्या विद्यापीठांत अध्ययन करूनही १८५६ सालच्या दुसऱ्या प्रयत्नांत त्यांस यश आलें नाहीं.

परंतु त्याच वर्षीं मठाच्या बागेंत त्यांनीं वाटाण्यावरील प्रयोगांस आरंभ केला. १८६३ पर्यंत त्यांनीं सुमारें २८,००० झाडें तपासलीं. गोल दाण्याच्या व सुरकुतलेल्या दाण्याच्या जातींचा संकर केला, तेव्हां पहिल्या पिढींत सर्व दाणे गोल निघाले. त्यांच्या पुढील पिढींत ७,३२४ दाण्यांपैकीं ५,४७४ गोल व १,८५० सुरकुतलेले भरले; म्हणजे प्रमाण जवळजवळ तीनास एक. त्यांनीं निवडलेल्या सातही गुणांत हेंच प्रमाण आढळलें. यावरून त्यांनीं असें अनुमान काढलें कीं, गुणांचे घटक आईबापांकडून एकेक असे संततीस मिळतात. एखादा घटक झांकला जातो, पण नाहींसा होत नाहीं.

हे निष्कर्ष त्यांनीं १८६५ च्या फेब्रुवारी व मार्च महिन्यांत ब्रून येथील निसर्गशास्त्र मंडळापुढें वाचून दाखविले. १८६६ सालीं तो निबंध मंडळाच्या वार्षिकांत छापला गेला व तें वार्षिक शंभरांहून अधिक संस्थांकडे रवाना झालें. निबंधाच्या चाळीस प्रती मेंडेल यांनीं स्वतंत्र काढविल्या. पण दखल कोणीं घेतली? म्यूनिकचे प्रसिद्ध वनस्पतिशास्त्रज्ञ नेगेली यांनीं पत्रव्यवहार ठेविला खरा, परंतु नियमाचें मर्म त्यांनीं ओळखलें नाहीं. १८८१ सालीं फोके यांच्या वनस्पतिसंकरावरील ग्रंथांत मेंडेल यांचें नांव आलें, तेंही ओझरतें.

मेंडेल यांचें इतर लेखन थोडें असलें तरी विविध होतें. पिकांवरील किडी, ब्रूनचें हवामान, १८७० सालीं त्या शहरावर आलेली वावटळ, अशा विषयांवर त्यांनीं लिहिलें. १८६८ सालीं ते मठाधिपति झाले. पुढें मठावरील कराच्या वादांत त्यांचा पुष्कळ काळ गेला. ६ जानेवारी १८८४ रोजीं ते निवर्तले, तेव्हां आपण एका थोर शास्त्रज्ञास मुकलों, याची नगरवासीयांस जाणीव नव्हती.

अखेर १९०० सालीं हॉलंडचे द व्हरीस, जर्मनीचे कॉरेन्स व ऑस्ट्रियाचे चेर्माक यांच्या लेखांतून तोच नियम पुनः जगापुढें आला, आणि चौतीस वर्षें ग्रंथालयांच्या फडताळांत पडून राहिलेला तो निबंध लोक शोधून वाचूं लागले. आज शाळेंतील जीवशास्त्राच्या पुस्तकांतही मेंडेल यांचें नांव असतें.

विद्यार्थी मित्रहो, यांत केवळ सत्याचा जय झाला असें समजूं नका. मेंडेल यांनीं प्रत्येक दाणा मोजला, आंकडे नीट टिपले आणि ते छापून ठेविले, म्हणूनच पुढील पिढीस ते सांपडले. परीक्षेंतील अपयश किंवा लोकांची उपेक्षा आपल्या हातीं नसते. काम चोख करून त्याची नोंद ठेवणें मात्र सर्वस्वीं आपल्याच हातीं असतें.